आधी पाण्याक बघ

सप्टेंबरच्या चौथ्या शनिवारी, बँकेच्या सुट्टीच्या दिवशी, तळाशीलला गेलो तर माझी जागा गायब.

जागा म्हणजे वाकड्या सुरूच्या झाडासमोर, पाण्यात तीसेक पावलांवर असलेला एक लांबट खळगा. गेल्या हिवाळ्यात त्या एका खळग्याने इतक्या मुडदुशा (वाळूतली बारीक मासळी) दिल्या की मामी शेवटी म्हणाली, “आता चार दीस गरी घरात ठेव.” मे महिन्यात शेवटचा गळ टाकला तेव्हाही तो तिथेच होता. आता सुरूचं झाड होतं, सुरूखालची मोडकी होडी होती, खळगा तेवढा नव्हता. मला पोचायला दहा वाजले होते, पाणी उतरायला लागलं होतं, आणि जिथे माझ्या हिशेबाने कमरेच्या वर पाणी हवं तिथे वाळूचा उंचवटा उघडा पडत होता. त्यावर दोन कुरव पक्षी उभे होते, बापजाद्यांची जमीन असल्यासारखे.

हे दरवर्षी होतं, आणि दरवर्षी मला थोडा रागच येतो. खडपावर बसून गरवणाऱ्यांचं बरं असतं. अमक्या दगडाच्या डाव्या अंगाला, तमक्या कपारीत तांबोशी, असं आजोबा नातवाला सांगून जातो आणि नातवाच्या म्हातारपणीही ती कपार तिथेच असते. आम्हा वाळूवाल्यांकडे असा सातबारा नाही. पावसाळ्याचे चार महिने येतात आणि पाटी पुसून जातात.

तळाशील म्हणजे मालवणच्या उत्तरेला, तोंडवळीकडून दक्षिणेला निमुळती होत गेलेली वाळूची जीभ. पश्चिमेला दर्या, पूर्वेला गड नदीची खाडी, मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माड, घरं आणि रस्ता. टोकाला उभं राहिलं की खाडीच्या मुखापलीकडे सर्जेकोट दिसतो. माझं आजोळ इथलं. मी कुडाळात नोकरी करतो आणि सुट्टी मिळाली की पहाटे मोटरसायकल काढून इथे येतो. सव्वीस वर्षं झाली. एवढ्या काळात मी या किनाऱ्याचा जाणकार व्हायला हवा होतो. मामाच्या मते अजून पहिलीतच आहे.

त्याने पहिल्यांदा गरी हातात दिली तेव्हा मी नऊ वर्षांचा असेन. लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेली तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, टोकाला शिशाचा गुळा, त्याच्या वर वीत-वीतभर अंतराने दोन गळ. मी ती डोक्यावर गरगर फिरवून फेकणार एवढ्यात त्याने मनगट धरलं.

“गरी मागाहून टाक. आधी पाण्याक बघ.”

बघितलं.

“काय दिसता?”

“लाटा.”

“खंय फुटतत?”

“सगळीकडे.”

मामा हसला, मला वाळूत बसवलं आणि स्वतः बिडी ओढत राहिला. त्या दिवशी गरी पाण्यात पडलीच नाही.

लाट सगळीकडे फुटत नाही, हे दिसायला मला दोन सुट्ट्या लागल्या. पाणी उथळ झालं की लाट फुटते, इतकं ते साधं आहे. लांबवर पांढरी रेघ दिसते तिथे खाली वाळूचा बांध असतो. ती रेघ मध्येच तुटली, दहा-पंधरा पावलांचा एक पट्टा न फुटता, हिरवाकाळा, तसाच आत आला, की तिथे खोली आहे. लाटांनी किनाऱ्यावर चढवलेलं पाणी परत जायला वाट शोधतं, ती ही वाट. जाताना ते वाळूतले किडे, शिंपल्यांतले जीव, कोळंबीची पिल्लं असं सगळं खरवडून नेतं, आणि मासे त्या वाटेच्या कडेला तोंड करून उभे राहतात. गाडी थांबायच्या आधी दाराशी जमणाऱ्या गर्दीसारखे.

पर्यटकांना नेमकी हीच जागा आवडते. दोन्ही बाजूंना लाटा आदळत असतात आणि मध्ये हा शांत पट्टा, त्यामुळे लहान मुलांना घेऊन लोक तिथेच उतरतात. गरी गुंडाळून मी आजवर किती जणांना बाजूला केलं त्याचा हिशेब नाही. “पण इथे तर लाटाच नाहीत,” असं म्हणतात. लाटा नाहीत म्हणूनच उतरू नका, ओढीत सापडलात तर सरळ किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघा, एवढं सांगून मी परत येतो. काही ऐकतात. एका गृहस्थांनी मला विचारलं, तुम्ही इथले गार्ड का? मी हो म्हटलं.

पाणी बघायचं तर ते कधी चढणार, कधी उतरणार हे आधी माहीत हवं. आता मोबाइलवर तक्ते मिळतात, मामाचा तक्ता भिंतीवरच्या कॅलेंडरात. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. कोकणात हे गणित शेंबड्या पोरालाही येतं. फक्त ते मुंबईच्या पाण्याचं आहे. भरती आपल्या किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेला सरकत जाते, त्यामुळे आमच्याकडे ती पाऊण-एक तास आधी लागते. मुंबईला मोठ्या उधाणात पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं, इथे साधारण त्याच्या निम्मं. उधाणाला पाणी धावतं, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, रेंगाळतं. वाळूवर गरवायला मला भरती पूर्ण व्हायच्या आधीचे दोन तास आणि सुकती लागल्यावरचा पहिला तास पुरतो. बाकी वेळ नुसतं बसायला हरकत नाही, मी बसतोही.

दशमी-एकादशीला पाणी पहाटेच्या अंधारात चढत असतं आणि उजाडताना भरतं. याहून चांगली वेळ नाही. आणि आमच्या घरात एकादशीला मासे शिजत नाहीत. हा खोडसाळपणा विठोबाचा की चंद्राचा, कोण जाणे.

इथलं वर्ष नारळी पौर्णिमेला सुरू होतं. कायद्याने यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते, ती ऑगस्ट उजाडताच उठते. पण दर्याने अजून तो कायदा वाचलेला नसतो, आणि नारळ दिल्याशिवाय होडी लोटायची नाही असं मानणारी घरं अजून आहेत. ऑगस्ट आणि अर्धा सप्टेंबर मी गरी घेऊन जातो, पण खरं काम असतं चालण्याचं. ओहोटीला टोकापासून वाड्यांपर्यंत पाण्याच्या कडेने चालायचं आणि वाळू कुठे गेली, कुठे आली ते बघायचं.

पावसाळी लाटा उंच, एकामागून एक, मागच्या लाटेला परतायला सवड न देणाऱ्या. त्या किनारा खरवडून वाळू आत ओढून नेतात आणि थोड्या अंतरावर बांध घालतात. जून-जुलैत गावातला माणूस बघतो ती ही धूप. माडाची मुळं उघडी पडतात, अंगण तुटतं, धूपप्रतिबंधक बंधाऱ्याच्या दगडांवर पाणी आपटत राहतं. पाऊस सरला की लाटा बुटक्या आणि संथ होतात, आणि तीच वाळू थोडी थोडी परत आणून टाकतात. एप्रिल-मेपर्यंत किनारा सगळ्यात रुंद. पण परत आलेली वाळू जुन्या जागी बसेल असं कुठे लिहिलेलं नाही. माझा सुरूसमोरचा खळगा बुजतो तो असा. आणि पावसाच्या आगेमागे येणाऱ्या वादळांचं वेगळंच. २०१९च्या ऑक्टोबरात क्यार वादळ किनाऱ्यावर न येताच दूरून गेलं, तरी ऐन हंगामात दोन दिवसांच्या लाटांनी सगळं शिकलेलं पुसून टाकलं. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा मी कुडाळातच अडकलो होतो. मामाने फोनवर दोनच वाक्यं सांगितली. माड किती पडले ते, आणि “तुझी जागा गेली.”

ऑक्टोबरात बांगडा. बांगड्याबद्दल लिहायचं तर रापणीबद्दल लिहावं लागतं, आणि रापणीबद्दल लिहायचं तर मला पुन्हा हाफपॅन्ट घालावी लागेल.

दिवाळीची सुट्टी. मामा आणि त्याच्याबरोबरचे पंधरा-वीसजण किनाऱ्यावर नुसते उभे, नजर पाण्यावर. मला काही दिसायचं नाही. त्यांना दिसायचं ते पाण्याचं काळवंडलेलं ठिगळ, ढगाची सावली पडावी तसं, पण आकाशात ढग नसलेलं. वर कुरव घिरट्या घालायला लागले की तांडेल एकच शब्द बोलायचा आणि सगळे पळायचे. दोराचं एक टोक किनाऱ्यावर माणसांच्या हाती ठेवून होडी निघायची, जाळं सोडत सोडत अर्धवर्तुळ घ्यायची आणि दुसरं टोक लांबवर किनाऱ्याला आणून लावायची. मग ओढ. दोन टोकांना दोन रांगा, त्यात गावातले, पाव्हणे, शाळा बुडवलेले, सगळे. पाय वाळूत रुतवायचे, पाठ समुद्राकडे करायची, दोर खांद्यावर. दोर ओला, खारट, हाताची सालटी काढणारा. रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकत यायच्या, आणि जाळ्याचं पोट उथळ पाण्यात आलं की आवाज यायचा. पत्र्यावर पहिला पाऊस पडावा तसा. हजारो बांगडे एकदम फडफडत.

वाळूवर ओढलेल्या त्या ढिगात बांगड्यांबरोबर पेडवे, तारली, ढोमे, फुगून चेंडू झालेले केंड, काचेसारख्या जेलीचे गोळे आणि कधीमधी एखादा समुद्रसाप. साप काठीवर घेऊन पुन्हा पाण्यात. मग वाटे. जाळ्याचे, होडीचे, ओढणाऱ्यांचे, आणि शेवटी पोरांचे. मला मिळालेला पहिला वाटा सात बांगड्यांचा होता. ते मी शर्टाच्या झोळीत घालून घरी नेले, आजीने तिरफळं घालून कालवण केलं आणि जेवताना सगळ्यांना दोनदा सांगितलं की आज नातवाच्या कमाईचं आहे. पुढे बँकेचा पहिला पगार झाला तेव्हा इतकं कोणी काही बोललं नाही.

आता रापण लागते, पण सणासारखी, कधीतरी. मामाची पिढी याचं खापर आधी ट्रॉलरवर फोडायची, मग पर्ससीनच्या मोठ्या, वेढा घालणाऱ्या जाळ्यांवर, आता मासे खेचणाऱ्या एलईडीच्या झोतांवर. तक्रार खोटी नाही. शेजारच्या गोव्यात सत्तरच्या दशकात रांपणकार याच भांडणासाठी रस्त्यावर उतरले होते. त्यानंतर गोव्याचा मासेमारी नियमन कायदा आला १९८०चा, महाराष्ट्राचा १९८१चा. २०१६मध्ये महाराष्ट्राने पर्ससीनवर निर्बंध घातले, २०१७मध्ये केंद्राने एलईडी मासेमारीवर बंदी आणली. “कायदो आसा, पण दर्यात तो बघूक कोण जाता?” हे मामाचं त्यावरचं भाष्य.

मी इथे एक भर घालतो, जी मामासमोर घालत नाही. रापणही काही धुतल्या तांदळाची नाही. जाळं सगळंच ओढून आणतं, आणि बोटाएवढी पिल्लं वाळूवर वाळत पडलेली मी लहानपणापासून बघितली आहेत. फरक एवढाच की रापण माशाच्या मागे धावत नाही. किनाऱ्याला आला तर आला.

नोव्हेंबर उलटला की माझे दिवस. रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो आणि पहाटेचं पाणी तव्यावर तेल पसरावं तसं सपाट होतं. मुडदुशीला हे आवडतं. बारीक, लांबट, वाळूच्या रंगाची, टोकदार तोंडाची मासोळी, वीतभर झाली म्हणजे मोठी. काटा नरम, मांस पांढरं आणि हलकं, त्यामुळे आजाऱ्यालाही देतात. बाजारात ती आता चढ्या भावाने जाते आणि हॉटेलांत रवा लावून येते. रवा लावण्याला माझा विरोध आहे, पण तो विषय वेगळा.

मुडदुशीसाठी सुंगटं, म्हणजे कोळंबी, चालतात, तरी सगळ्यात चांगलं आमिष पायाखालीच असतं. लाट चढते, उतरते, आणि पाणी मागे सरकत असताना ओल्या वाळूवर इंग्रजी व्हीसारख्या बारीक रेघा उमटतात. प्रत्येक रेघेच्या टोकाशी एक जीव पुरलेला असतो. करंगळीच्या पेराएवढा, राखाडी, अंड्यासारख्या आकाराचा, उलटा चालत वाळूत घुसणारा. त्याच्या नाजूक मिशा तेवढ्या वर राहतात आणि परतणाऱ्या पाण्यातलं खाणं गाळून घेतात, त्या रेघा त्यांच्याच. आम्ही मुलं त्यांना ‘उलटे’ म्हणायचो. दोन्ही हातांनी वाळूची ओंजळ उपसायची आणि बोटांमधून पाणी जाऊ द्यायचं. तळहातावर गुदगुल्या झाल्या की समजायचं, आहे. मूठ किंचित सैल पडली की तो बोटांच्या फटीतून उलटा निसटतो. मऊ सालीचा मिळाला तर सोनं.

मी २०११मध्ये रॉड आणि रील घेतली. पहिल्याच पहाटे पाठीचा धनुष्य करून अशी फेकली की शिसं थेट बांधापलीकडे पडलं. मामा मागे उभा होता. “मासो काय सर्जेकोटात धरूक बघतंस?” त्याने काडीवरची गरी घेतली, पाण्यात शिरलाही नाही, आणि बारा-पंधरा पावलांवर, पहिली लाट मोडते त्याच्या अलीकडच्या पन्हळीत अलगद टाकली. मी बांधापलीकडून रिकामं शिसं ओढून आणत होतो तेव्हा त्याच्या तीन झाल्या होत्या. मुडदुशी गुडघाभर पाण्यात चरते. आपण तिच्याच अंगावरून चालत जाऊन खोल पाण्यात उभे राहतो आणि मग म्हणतो, आज मासा नाही.

ती लागते तेव्हा टक-टक असे दोन झटके येतात, दाराची कडी कोणी हलकेच वाजवावी तसे. तंगूस तर्जनीवर घेतलेली असेल तरच कळतात. केंड लागला तर वेगळं. नुसती कुरतड, मग काही नाही, आणि ओढून बघावं तर गळच कापून नेलेला. ढोमा जड ओढतो आणि बाहेर काढल्यावर कुरकुरतो. हे सगळं एका बोटाच्या पेरावर वाचायचं. थंडीत बोट बधिर झालं की मी ते गालाला लावतो.

डिसेंबर-जानेवारीच्या काही अंधाऱ्या रात्री पाणी पेटतं. लाट फुटली की कडेने निळी रेघ धावत जाते, ओल्या वाळूवर पाऊल टाकलं की भोवती ठिणग्या. पाण्यातल्या सूक्ष्म जीवांचा हा उजेड, त्याचे फोटो काढायला आता लोक गाड्या करून येतात. मामाला त्याचं कौतुक नाही. पाणी पेटलं की जाळंही पेटतं, माशाला ते दिसतं आणि तो वळतो. तंगूससुद्धा निळी रेघ होऊन पाण्यात शिरताना दिसते. अशा रात्री मी गरी ठेवून देतो आणि पाय आपटत फिरतो, वय वर्षं पंचेचाळीस.

फेब्रुवारीतल्या एका पहाटे पाण्यापासून वर गेलेला मोठा माग दिसला. मला वाटलं कोणीतरी पुन्हा किनाऱ्यावर ट्रॅक्टर घातला. शिव्या देत मागोमाग गेलो तर शेवटी उकरून लेवल केलेली वाळू, आणि तसाच दुसरा माग परत पाण्याकडे. ऑलिव्ह रिडले येऊन गेली होती. गावातल्या कासवमित्राला उठवलं. त्याने अंडी मोजून जाळीच्या कुंपणात हलवली, शंभराच्या वर भरली. पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघाली तेव्हा मी नव्हतो, ऑडिट चालू होतं.

उन्हाळ्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पाणी स्वच्छ, मासा लांब, ऊन डोक्यावर, आणि मे महिन्यात किनाऱ्यावर माणसांची रापण. मी तेव्हा पट्टी ओलांडून खाडीच्या बाजूला जातो, तिथे शेवटे नावाचे मासे आणि नशीब असेल तर चणक, ज्याला रायगडवाले जिताडा म्हणतात. घराघरात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, गडबड सुरू असते, खारे बांगडे आणि सुकट डब्यात भरून ठेवायची. आता हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र-माहिती केंद्राचे उंच लाटांचे इशारे मोबाइलवर येतात, तेही मी वाचतो आणि मग मामाला विचारतो.

पावसाळ्यात वाळूवर उभं राहण्यात अर्थ नसतो, पण मुखाशी, जिथे गढूळ खाडी आणि खारं पाणी भिडतात, तिथे पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, टाकणारे येतात. पाग फेकताना बघणं हा माझा आवडता उद्योग. घेर खांद्यावर, एक कड दातात, कमरेतून एक वळसा, आणि हवेत पूर्ण गोल उघडतो. मला अजून जमत नाही, माझा पाग केळ्यासारखा पडतो. काही वर्षांपूर्वी पावसाच्या अखेरीला शेजारच्या काकांच्या पागात हातभर शिंगाळा आला. मी आगाऊपणे सोडवायला गेलो आणि त्याच्या पाठीवरचा काटा तळहातात शिरला. ती कळ मी शब्दांत सांगत नाही, कोपरापर्यंत हात कोणी पिळतंय असं वाटत होतं. काकांनी शेजारच्या घरातून कढत पाणी आणलं आणि सोसवेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला. अर्ध्या-पाऊण तासात ठणका उतरला. शिंगाळ्याचं विष प्रथिनांचं, उष्णतेने ते मोडतं. हे मी नंतर वाचलं, काकांना आधीच माहीत होतं. भाजेल इतकं गरम करू नये आणि काटा आत मोडला असेल तर दवाखाना गाठावा, एवढं मात्र सांगून ठेवतो.

हात पाण्यात होता तेव्हा माझं लक्ष वाळूवर गेलं. शिंगाळ्याच्या तोंडातून पिवळसर गोट्या सांडल्या होत्या. दहा-बारा तरी, खरोखर खेळायच्या गोटीएवढ्या. अंडी. शिंगाळ्याचा नर मादीची अंडी तोंडात धरून वागवतो, पिल्लं बाहेर पडून मोठी होईपर्यंत, आणि तितके दिवस काही खात नाही. काकांनी मासा पाण्यात सोडला, अंडी गोळा करून त्याच्या मागोमाग टाकली. उपयोग झाला असेल असं मला वाटत नाही. त्यांनाही वाटत नसावं, कारण पाग झटकताना ते नुसतं म्हणाले, “चल, आज पुरे.” तेव्हापासून जून ते नारळी पौर्णिमा माझी गरी माळ्यावर असते. हातगरीला बंदी नाही हे मला माहीत आहे.

तर सप्टेंबरचा तो शनिवार. उंचवटा सगळा उघडा पडेपर्यंत मी वाळूवर बसलो. मग गरी न भिजवताच घरी आलो. मामा आता ऐंशीच्या घरात आहे. गुडघ्यांमुळे वर्षभरात किनाऱ्यावर आलेला नाही, जो घरापासून दोनशे पावलं आहे. तो खळ्यात, म्हणजे अंगणात, खुर्ची टाकून बसलेला होता. किती मिळाले असं त्याने मला कधीच विचारलेलं नाही.

“खंय फुटता?”

मी काठीने खळ्यातल्या मातीत किनाऱ्याची रेघ ओढली. इथे सुरू, इथे होडी, इथे नवा उंचवटा, त्याच्या बाहेरून सलग पांढरी रेघ.

“सलग?”

“सलग. एवढ्या भागात.”

“आणि मुखाकडे?”

मुखाकडे मी गेलोच नव्हतो. रुसून बसलो होतो. मामाने काठी मागितली, खुर्चीतून वाकून माझ्या रेघेच्या दक्षिण टोकाला एक छोटी फट पुसली, बघितलं, मग अंगठ्याने ती आणखी दोन बोटं सरकवली.

“हय असात. नायतर हय. बघूक व्हया. फाल्या भरती कितीक?”

“उद्या एकादशी. सव्वाआठ.”

“ती मुंबयची.”

“सव्वासात.”

आतून मामीचा आवाज आला, “फाल्या एकादस आसा. मासे घरात हाडूचे नाय, आधीच सांगून ठेवतंय.”

“मासे हाडूक कोण जाता?” मामा माझ्याकडे न बघता म्हणाला. “तो पाण्याक बघूक जाता.”

मी मोबाइलवर साडेचारचा गजर लावला.